कावळ्यानं साक्ष दिलेली गोष्ट

दहाव्याला भाषण करायला लोक मला बोलावतात. ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही, पण माणसाला कुठंतरी मागणी असावी लागते. कचेरीत माझी टिपणी साहेब वाचत नाहीत, घरात बायको माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. पण आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी, पिंड मांडून झाल्यावर, माईक हातोहात फिरत माझ्यापाशी येतो. मग मी उभा राहतो, चष्मा काढतो आणि गेलेल्या माणसाला जिवंतपणी जमलं नाही इतकं चांगलं करून टाकतो.

चुकाही भरपूर केल्या. एकदा समारोप करताना लग्नाच्या आभारप्रदर्शनाचं वळण जिभेवर आलं आणि मी म्हणालो, "आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, असेच प्रसंग वारंवार येवोत." मयताचा भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या निर्व्यसनी आयुष्यावर असा रंगलो की पुढं बसलेले त्याचे दोस्त एकजात खोकायला लागले. तरी बोलावणी थांबली नाहीत. लोकांना खरं ऐकायला नको असतं असं मी म्हणणार नाही. त्यांना त्या दिवशी नको असतं, एवढंच.

हा गुण रक्तातला. आमची मूळची मेंढरं वळणारी मंडळी. आता शेती आहे, माझ्यासारखा कुणी नोकरीला शहरात आहे, पण माझ्या लहानपणी चुलते मंडळी मेंढरांच्या वाड्यावर बसून लांडग्याच्या गोष्टी सांगायची. धाकट्या चुलत्याचा लांडगा दर वर्षी वीतभर वाढायचा. मी एकदा विचारलं, "काका, मागच्या साली तर एवढाच होता." ते म्हणाले, "लेका, आला होता हे खरं हाय ना? मग लांबीचं मी बघून घेतो. पण जो लांडगा आलाच नाय, तो कुणाच्या दारात नेऊन सोडू नको. मग त्याला हाकलायला कुणी येत नाय."

मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आता दाजींचं सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. लासूर स्टेशनजवळ शेती, दोन खोल्यांचं पक्कं घर, आणि शब्दाला इतके पक्के की नको म्हणाले की देवाला पण नको. त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा चांगला, पण जातीबाहेरचा. दाजी एवढंच म्हणाले, "तिचं नाव ह्या घरात निघायचं नाय." आणि ते निघालं नाही. भाचीनं शहरात, गुलमंडीच्या बाजारात, मॅचिंग सेंटर काढलं, ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. त्याचंही कुणी नाव काढलं नाही. तिला मुलगी झाली तेव्हा अक्कानं डिंकाचे लाडू केले. दाजींनी डब्याकडं नुसतं बघितलं. अक्कानं ते लाडू शेजारच्या बाळंतिणीला नेऊन दिले. हे तिनंच मला नंतर सांगितलं, काहीच झालं नाही अशा आवाजात.

दाजी गेले. दहावा लासूरलाच, नदीकाठी. पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना.

कावळे होते. बाभळीवर चांगले पाच-सात बसले होते, खाली बघत होते, आपसात चर्चा करत होते. पण उतरायला एकही तयार नाही. अशा वेळी घरचे लोक हात जोडून एकेक वचन देतात, गेलेल्याची जी इच्छा राहिली असेल ती बोलून दाखवतात. दाजींचा मुलगा, माझा भाचा, पुढं झाला. "अप्पा, रान इकणार नाय." कावळा ढिम्म. "अप्पा, बोअरची मोटर नवी टाकतो." ढिम्म. "अप्पा, आईला सांभाळीन." अक्का पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "माझी काळजी करू नका, मी बरी हाय." एक कावळा उडाला, आम्ही सगळे आशेनं बघायला लागलो, आणि तो दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. गुरुजी घड्याळ बघायला लागले. त्यांना पुढं अजून एक दहावा होता.

भाची आली होती. बोलावलं कुणी नव्हतं, तरी आली होती. मंडळींपासून लांब, एकटी, लेकीचा हात धरून उभी. तिचा नवरा आणखी लांब, मोटारसायकलपाशी. आणि मागून बायांच्यात कुजबुज सुरू झाली. आधी हळू, मग ऐकू जाईल अशी.

"तिच्यामुळंच अडलंय."

"मग काय! जीव तिच्यात अडकला नसंल, राग अडकलाय."

"तिला म्हणावं जा बाई घरी, मग शिवंल."

भाचीनं ते ऐकलं. तिनं लेकीचा हात आणखी घट्ट धरला, पोर म्हणाली "दुखतंय". तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. "मामा, बोला दोन शब्द. तवर येईल."

मी उठलो. शपथेवर सांगतो, उठलो तेव्हा माझ्या डोक्यात नेहमीचंच होतं: कष्टाळू, शब्दाचे पक्के, वगैरे. मी बोलायला लागलो आणि बोलता बोलता ती पोर दिसली. आणि मी म्हणालो:

"दाजी तब्येतीच्या कामानं शहरात यायचे हे सगळ्यांना माहीत आहे. दवाखाना झाला की ते मला म्हणायचे, चल जरा पाय मोकळे करू. आणि पाय मोकळे करत आम्ही कुठं जायचो? गुलमंडीला. तिथं चहाच्या गाडीपाशी उभे राहायचे. समोर लेकीचं दुकान. कप हातात घेऊन गार होईस्तोवर बघत उभे राहायचे. मी म्हणायचो, दाजी, जाऊ या ना आत. म्हणायचे, नको, गिऱ्हाईक हाय तिच्याकडं. धंद्याच्या टायमाला नको."

त्यातलं खरं काय, ते आत्ताच सांगून टाकतो. दाजी दवाखान्यासाठी शहरात यायचे हे खरं. एकदा आम्ही रिक्षानं शहागंजकडं निघालो होतो हेही खरं. रिक्षावाला गुलमंडीकडं वळायला लागला तेव्हा दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इकडून नको. दुसरीकडून घे." लांबून गेलो. रस्ताभर ते स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होते. एवढंच. बाकी गोष्टीत मी त्यांना रिक्षातून उतरवलं, हातात कप दिला, आणि समोर उभं केलं.

"धंद्याच्या टायमाला नको" हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला. इकडं नाही, तिकडं नाही. पिंडावर चोच मारली, भाताचा घास उचलला आणि गेला.

जमलेल्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकदम "हाऽऽ" असा आवाज निघाला. मी माझ्या आयुष्यात असा प्रतिसाद मिळवलेला नाही. ज्या बाया कुजबुजत होत्या त्याच धावल्या, भाचीला दंडाला धरून आणली आणि अक्काशेजारी बसवली. मायलेकी गळ्यात पडल्या. गुरुजींनी सामान आवरायला घेतलं. भाचा माझे पाय धरायला आला. मी माईक हातात धरून उभा होतो आणि मला फक्त एवढंच कळत होतं की आता हे परत घेता येणार नाही. माणसाला सांगता येतं की बाबा, मी चुकून बोललो. कावळ्याला काय सांगणार?

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी खूशही होतो. एका खोट्यानं इतकं चांगलं झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं. मग भाचीचे फोन सुरू झाले.

"मामा, अप्पा कोणत्या बाजूला उभे राहायचे? पानाच्या टपरीकडं की इकडं?"

"टपरीकडं," मी म्हणालो. म्हणावंच लागलं.

"फेटा असायचा का टोपी?"

"टोपी."

"मग मी एकदा बघितलं असणार, मामा. टोपीवाले एक म्हातारे उभे होते. मी नीट बघितलंच नाही हो. गिऱ्हाईक होतं." आणि ती फोनवर रडायला लागली.

मी तिला समजावत होतो की अगं, ते दुसरे कुणी असतील. ती म्हणाली, "नाही मामा, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय." मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि त्यातच मी खोटा ठरलो. म्हणजे माझ्याकडून तिला बाप मिळाला, आणि लगेच तो आपल्याला दिसला नाही ही बोचणीही मिळाली. दुकानात गल्ल्याच्या वर तिनं दाजींचा फोटो लावला, तोंड रस्त्याकडं करून. येईल त्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगायची. मी एकदा गेलो तर अस्तराचं कापड घ्यायला आलेली एक अनोळखी बाई मलाच ती गोष्ट सांगायला लागली. तिच्या सांगण्यात दाजी पावसात भिजत उभे होते. पाऊस मी घातला नव्हता.

तिकडं लासूरला काय चाललं होतं याची मला खबर नव्हती. भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही या. आईनं अप्पांचा फोटो खाली काढला. कपाटाच्या मागं ठेवलाय. विचारलं तर बोलत नाय. महिन्याचं श्राद्ध पण घालू नको म्हणती."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलो. अक्का ओट्यावर तूर निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला केलं नाही.

"ये. चहा पितो का? का उभ्या उभ्या गार करून बघत बसतो?"

मी बसलो. "अक्का, फोटो का काढला गं?"

"मला एक सांग," ती म्हणाली, "तू होता ना संगं? किती खेपा गेला तो?"

आयुष्यात पहिल्यांदा अक्कानं दाजींना एकेरीत घेतलं. तीच बोलत राहिली, तूर निवडता निवडता, खडे अंगणात फेकत.

"मला म्हणला नाव काढू नको. मी काढलं नाय. पोरीला पोर झाली, मी गेले नाय. लाडू दुसऱ्याच्या घरी दिले. बारशाला गेले नाय. इथं बसून मी मनाला म्हणत होते, हा माणूस असाच हाय, दगड हाय, दगडाशी काय भांडायचं. आपण आपलं निभवायचं. आन् हा तिकडं च्या पीत लेकीला बघत होता? स्वतः बघायचा, आन् मला बंदी? एक डाव मला म्हणला असता, चल. लांबून बघू. मी पण लांबूनच बघितलं असतं ना रं. मला काय आत जायचं होतं?"

गोष्ट एकच. एकीला त्यात बाप सापडला आणि दुसरीचा नवरा त्यात चोर निघाला. सांगताना मी भाचीकडं बघत होतो. पिंडापाशी असलेल्या तिच्या आईकडं, जी अजून पदराआडून कावळ्याकडं बघत होती, तिच्याकडं माझं लक्षच नव्हतं. भाषण करणारा एका वेळी एकालाच बघतो. ऐकणारे मात्र सगळे असतात.

मग मी सांगितलं. सगळं. रिक्षा, खांद्यावरचा हात, "दुसरीकडून घे", गुडघे. सांगताना मोह झाला, खोटं बोलत नाही. शेवटी जोडावंसं वाटत होतं की अक्का, त्यांना बघवत नव्हतं म्हणून रस्ता बदलला असेल. तसं असेलही. पण ते परत माझंच झालं असतं. मी जीभ आवरली आणि गुडघ्यांपाशी थांबलो.

अक्कानं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे गेलेच नाय?"

"नाही."

"एकदा पण नाय?"

"नाही अक्का."

"मग कावळा कसा शिवला?"

"शिवला. भूक लागली असेल त्याला."

"गप," ती म्हणाली. "तू आता त्यांच्यावरचा माझा राग जावा म्हणून बोलतो. मला काय तू नवा हाय?"

मी लेकरांची शपथ घेतली. ती म्हणाली, लेकरांना मधी आणू नको. मी देवाची घेतली. ती म्हणाली, देवावर तुझा कधी इश्वास होता? मग उठली, आत गेली, लुगडं बदलून आली. "चल. मला गुलमंडीला ने. मी बघते."

"काय बघणार आहेस तू तिथं?"

"मला नाय माहीत. चल म्हणलं ना."

दुपारच्या गर्दीत आम्ही गुलमंडीत पोचलो. अक्का आधी दुकानात गेली नाही. रस्त्याच्या अलीकडं, चहाच्या गाडीपाशी थांबली. समोर भाचीचं दुकान, आत ती कुणाला तरी रंगांचे पीस काढून दाखवत होती. चहावाल्यानं आम्हाला बघितलं, दुकानाकडं बघितलं, आणि त्याला नातं लगेच कळलं. ती गोष्ट त्यानं किती वेळा ऐकली होती कोण जाणे.

"अम्मा, आप बेटी की माँ हैं ना?"

"व्हय. हिचे वडील इथं यायचे?"

मी अक्काच्या मागून त्याला डोळ्यांनी, भुवयांनी, हातानं, जमेल त्या सगळ्यांनी नाही म्हणत होतो. त्या भल्या माणसानं माझ्या खुणांचा अर्थ काय लावला देव जाणे.

"हौ, आते थे ना! यहींच खड़े रहते थे. टोपीवाले. बहुत सीधे आदमी थे, अम्मा. मेरेसे भी ज्यादा बात नईं करते थे."

त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. समोरच्या दुकानातली मुलगी रोज सांगते, रडते, तिची आई आता उभी राहून विचारते आहे. तो नाही कसा म्हणेल? तोही माझ्यासारखाच, कुणाचं तरी तोंड बघून बोललेला. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली आणि लगेच कळलं की त्याआधी स्वतःची धरावी लागेल.

अक्का माझ्याकडं वळली. "आता खरं कोण बोलतंय? तू, का हा?"

मी म्हणालो, "मी."

"तुला तरी कळतं का?" ती म्हणाली आणि रस्ता ओलांडायला लागली.

भाचीनं तिला बघितलं आणि हातातले पीस तसेच टाकून बाहेर आली. आत नेलं, स्टूल दिलं, पंखा तिच्याकडं फिरवला. नात कोपऱ्यात रिकाम्या रिळांचा मनोरा करत बसली होती, ती आजीच्या मांडीवर येऊन बसली. अक्का तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. गल्ल्यावरून दाजी रस्त्याकडं बघत होते.

मग भाचीनं विचारलं. अगदी सहज, पाण्याचा तांब्या देता देता.

"आई, तुला तरी सांगून येत होते ना अप्पा? का तुझ्यापासून पण लपवलं?"

अक्काचा हात नातीच्या केसांत तसाच राहिला. मला वाटलं, आता ती सगळं बोलणार, आणि मनात कुठंतरी मला सुटल्यासारखंही झालं. ती म्हणाली,

"नाय गं. मला सांगूनच यायचे."

भाचीचा चेहरा फुलला. क्षणभरच. मग तो हळूहळू बदलत गेला, आणि काय येणार आहे ते मला तिच्या बोलण्याआधी दिसलं.

"मग तू का नाही आलीस?"

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते पदराच्या काठाशी फॉल जुळवून बघत होतं. ते पण थांबलं. अक्का नातीकडं बघत होती.

"माझे गुडघे, बाई," ती म्हणाली. "गाडीत चढायला होत नव्हतं."

भाची "हं," म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडं वळली. फॉलचा रंग बरोबर आहे म्हणाली, पाण्यात जाणार नाही म्हणाली. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. तिनं चहा मागवला, आम्ही प्यायलो. निघताना ती आईच्या पाया पडली, नीट पडली, पण दहाव्याला मिठी मारली होती तशी मारली नाही.

स्टेशनकडं रिक्षात अक्का बराच वेळ बाहेर बघत होती. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. अजून रानात वाकून निंदते. मी पाच-सहा वेळा बोलायला तोंड उघडलं. उद्या भाचीला फोन करून सगळं सांगतो असं म्हणावं, तर तिचा बाप जातो. नाही सांगत असं म्हणावं, तर तिची आई जाते. दोन्हींच्या मधलं काहीतरी रचता येईल का, असाही विचार आला, आणि तो आल्याबरोबर मला स्वतःची इतकी भीती वाटली की मी रिक्षाचा दांडा धरला.

"जगाच्या मयताला घंटाभर बोलतो," अक्का म्हणाली, बाहेर बघतच. "तिथं दुकानात माझ्यासाठी एक शब्द नाय निघाला तुझ्या तोंडून."

"काय बोलणार होतो मी, अक्का?"

"ते मला काय ठाव? तूच बोलतो ना."

स्टेशन आलं. तिची पिशवी मी घेतली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि गाडी लागली होती त्या फलाटाकडं पुढं चालायला लागली. पायऱ्या ती भराभर चढत होती. मी मागं राहिलो, धापा टाकत, आणि वर पोचेपर्यंत तरी मला काहीतरी सुचेल म्हणून एकेक शब्द मनात उलटा-पालटा करून बघत होतो.